बोंडलं

कोंडू माझा मुलगा. सूपभर कोंडा देऊन मी त्याला विकत घेतला, आणि तोही ठकुबाईंकडून, ज्यांनी माझ्या घरचं पाणी कधी ओठाला लावलं नाही.

कामतघर गावात तेव्हा ठकुबाईंचं घर आणि आमची खोली एकाच भिंतीला टेकून होती. भिंत त्यांची, टेकलेले आम्ही, असं त्यांचं म्हणणं. त्यांचं घर जुनं, शेतकऱ्याचं. पुढे पडवी, मागे परसात चार केळी. आमची चाळीतली शेवटची खोली. त्यांच्या भाताच्या शेतांवर आता पत्र्याच्या छपरांचे कापडाचे कारखाने उभे होते आणि दिवसभर लूमचा खडखडाट चाले. भिंतीला पाठ लावून गोधडी शिवायला बसलं की तो पाठीतून दातांपर्यंत पोचे. बोलायचं तर ओरडून बोलायचं, नाहीतर लाईट जायची वाट बघायची. आमच्या गल्लीत गुपितं सांगितली जात ती लाईट गेल्यावरच.

काशी ही ठकुबाईंची थोरली सून, लडकूची बायको. लडकू लूमवर होता आणि काशी त्याच कारखान्यात कांड्या भरायला जाई, म्हणजे धोट्यात बसणाऱ्या रिकाम्या कांडीवर सूत गुंडाळायला. तिच्या केसांत कायम कापसाची पूस असे. लांबून पाहिलं तर बाई म्हातारी वाटावी. जवळ आली की वीस वर्षांची.

तिचा पहिला मुलगा सात महिन्यांचा होऊन गेला. मोठ्या हौसेनं त्याचं नाव अनंता ठेवलं होतं.

त्या दुपारी काशी कामावर होती आणि ठकुबाई नातवाला पेज पाजत होत्या. पाजायची रीत सगळीकडे होती तीच. पाय लांब करून बसायचं, पोराला त्यावर उताणं घ्यायचं. त्याचा एक हात आपल्या मांडीखाली, दुसरा आपल्या मुठीत. मग नाक चिमटीत धरायचं. श्वासासाठी पोर तोंड उघडतं, की बोंडल्याची, त्या छोट्या पितळी भांड्याची, चोच आत घालून पेज सोडायची. पोर रडतं, घोटतं, पुन्हा रडतं. रडलं म्हणजे पेज पोटात गेली, असं म्हणत. मीही तशीच वाढले असणार. मला आठवत नाही हे माझं नशीब.

लूम चालू होते, म्हणून मला भिंतीपलीकडचं काही ऐकू आलं नाही. ठकुबाईंची किंकाळी तेवढी लूमच्याही वर आली.

नजर लागली, असं ठरलं. कुणाची, तेही संध्याकाळच्या आत ठरलं. सकाळी एक बोंबीलवाली दारात बसली होती, तिनं अनंताचे गाल पाहून "कसा लोण्याचा गोळा हाय" म्हटलं होतं. त्या बाईला पुन्हा आमच्या गल्लीत कुणी टोपली उतरवू दिली नाही. ठकुबाईंनी बोंडलं धुतलं, पुसलं आणि फळीवर पालथं घातलं.

पुढल्या वर्षी काशीला दुसरा मुलगा झाला. रेशनवर लाल मिलो ज्वारी मिळत होती ते वर्ष. बारशाच्या आदल्या दिवशी ठकुबाई परसाच्या बुटक्या भिंतीपाशी आल्या. आमच्याशी बोलायला त्या तिथवरच येत.

"जाईबाय, उद्या घरात सूपभर कोंडा ठेव. पोऱ्या तुला विकायचा हाय."

पहिलं मूल गेलेल्या घरात ही रीत असे. पोर दुसऱ्याला विकून टाकायचं, म्हणजे जे कोणी पहिल्याला घेऊन गेलं ते पुन्हा दारात आलं, तरी त्याला वाटावं की या घरात काही नाही. आणि विकायचं तेही अशा घरी, की पोर ह्यांचं असेल असा कुणाला संशयही येऊ नये. माझं घर त्या कामाला अगदी योग्य होतं. इतक्या वर्षांच्या शेजारात आमचा त्यांना झालेला हा पहिला उपयोग.

आमच्यात हे सगळं छप्पन साली सोडलं होतं. आमचे हे नगरपालिकेच्या पंपावर नोकरीला, वाचणारे, सभेला जाणारे. ते रागावले. "आपण सोडलं ना हे? मग तू कशाला यात पडतेस?"

"मी सोडलंय," मी म्हटलं. "त्या पोराला अजून काही धरताच येत नाही, ते काय सोडणार?"

खरं कारण काशी होती. आदल्या दिवशी भिंतीपाशी ती सासूच्या मागे केळीला धरून उभी होती आणि माझ्याकडे अशी बघत होती की मी नाही म्हटलं तर पोर तिथेच मरेल.

दुसऱ्या दिवशी ठकुबाईंनी बाळाला सुपात घालून भिंतीवरून माझ्या हातात दिलं. मी भाताच्या गिरणीतून आणलेला कोंडा त्यांच्या सुपात ओतला. मग त्या बाईनं आभाळाकडे तोंड केलं आणि लूमच्या वर आवाज चढवून ओरडली, "आजपासून हा जाईबायचा पोऱ्या! आमचा न्हाय! आमी त्याचं कोन न्हाय!"

 बोलणं माझ्याशी नव्हतं, ऐकणारा कोणी दुसराच होता.

मग बाळ परत गेलं, 'पोसायला' म्हणून. नाव ठेवलं कोंडू. मात्र ऐकणाऱ्याची फसगत नीट व्हावी म्हणून दिवसाचा बराच वेळ कोंडू माझ्याकडे असायचा. लोळायचं माझ्या गोधडीवर, खेळायचं माझ्या रिकाम्या रिळांशी. तोंडात मात्र माझ्या घरचं काही जाता कामा नये. मुलगा माझा, भूक त्यांची.

कोंडू सहा महिन्यांचा झाला आणि काशीचं दूध आटायला लागलं. दिवसभर उभं राहून कांड्या भरणाऱ्या बाईला दूध उरणार कुठून? ठकुबाईंनी उष्टावणाची आठव्या महिन्यातली तिथी काढली. काशीचा भाऊ रामनाथ कशेळीहून येणार, मामाच्या हातानं खीर चाटवणार, आणि दुसऱ्या दिवसापासून पेज सुरू.

त्या संध्याकाळी पाळी बदलताना लूम घटकाभर थांबले, तेव्हा भिंतीपलीकडे फळीवरून भांडं काढल्याचा आवाज आला. मग परसात राखेनं घासल्याचा, खसखस, खसखस. मी डोकावले. ठकुबाई उकिडव्या बसून बोंडलं घासत होत्या. पितळेचं, टिचभर, एका बाजूला चिमणीसारखी चोच. घासून झालं, धुवून झालं, तरी त्या थांबेनात. पुन्हा राख घेतली. चोचीत काडी घालून आतून पुसलं. दुसऱ्या दिवशीही तेच, आणि तिसऱ्याही. पेज सुरू व्हायला अजून अवकाश होता, पण बोंडलं रोज संध्याकाळी घासलं जात होतं.

एका दुपारी लाईट गेली. लूम एकदम थांबले आणि कान भणभणायला लागले. कारखान्यातली माणसं बाहेर सावलीला येऊन बसली. काशी तेवढ्यात पळत माझ्याकडे आली. कोंडू गोधडीवर दोन उशांच्या मध्ये बसला होता. तिनं त्याला उचललं नाही, नुसती जवळ बसली.

"मावशी, एक सांगू? कोनाला सांगू नका."

"लाईट येईपर्यंत सांग."

"अनंताला न्यायच्या आधी मीच त्याचं तोंड पुसलं." ती इतकी हळू बोलत होती की मला वाकावं लागलं. "नाकातून पेज येत होती. पुसली की पुन्हा येत होती. मावशी, नजर लागलेल्याच्या नाकातून पेज येते का हो?"

मी सुई खाली ठेवली.

"मी बोलू कोनाला? नवरा म्हणतो, आईनं मला वाढवलं, धाकट्या दौलतला वाढवलं. आता पुन्हा ते बोंडलं काढलंय. मी कामावर जानार आणि ती पाजनार. मी घरी राहिले तर शेठ दुसरी बाई ठेवील. मी काय करू?"

 माझ्या मांडीशी ताट होतं, त्यात मीठ लावलेलं उकडलेलं रताळं. आम्ही दोघी एकमेकींकडे बघत असताना कोंडूनं पुढे झुकून त्यातली एक फोड उचलली आणि तोंडात घातली.

दात एक नाही. हिरड्यांनी दाबलं, तुकडा मोडला, आत गेला. मग त्याचे डोळे मोठे झाले, चेहरा लाल झाला, जीभ बाहेर आली आणि त्याला उमासा आला. काशी किंचाळली. बोट घालायला निघाली तर मी तिचा हात धरला. का धरला ते मला सांगता येणार नाही. पोर पुढे झुकलेलं होतं, खाली बघत होतं, बहुधा तेवढ्यामुळे. दोन श्वास सगळं थांबलं. मग कोंडूनं तो तुकडा जिभेनं ढकलून हातावर घेतला, उलटसुलट करून पाहिला, आपल्याला कुणी फसवलं ते तपासावं तसा. आणि पुन्हा तोंडात घातला. या खेपेला चघळत बसला.

काशी रडत होती आणि हसत होती.

"त्यानं घातलेलं त्याला काढता येतं," मी म्हटलं. "दुसऱ्यानं ओतलेलं कुठून काढणार?"

"पण मावशी, तुमच्या ताटातलं..."

"तुझ्या सासूनं विकताना ताटाची अट घातली नव्हती."

तेवढ्यात लाईट आली, लूम सुरू झाले आणि आमचं बोलणं बुडालं.

तेव्हापासून आमचं चोरटं दुकान सुरू झालं. काशी कामावर जाताना कोंडूला सोडून जायची, आणि मी त्याला भिंतीला टेकवून नाही, ताठ बसवून पुढ्यात थाळी ठेवायचे. लाल भोपळ्याची मऊ फोड. पिकलेलं केळं, जे त्याच्या मुठीतून चारी बाजूंनी बाहेर यायचं. वरणाच्या पाण्यात भिजवलेला तांदळाच्या भाकरीचा पापुद्रा. भाताचा गोळा. मी हात लावायचा नाही, असा माझाच मला नियम. हात पाठीमागे बांधून बसायचे. प्रत्येक घासाला माझा जीव वर यायचा आणि त्यानं गिळला की खाली जायचा. तो मात्र शांतपणे कामाला लागलेला. भाताचं एक शीत चिमटीत धरायला त्यानं किती दिवस घेतले! जमलं त्या दिवशी शीत माझ्यासमोर धरलं. मी तोंड उघडलं. त्यानं ते स्वतःच्याच तोंडात टाकलं.

अर्धं पोटात, अर्धं अंगावर. कानात वरण, केसांत भोपळा, मुंग्यांना आमचा पत्ता पाठ. खाणं पटकन व्हायचं, पुरावा पुसायलाच वेळ.

"हा तुझ्याकडून येतो तेव्हा ओला कसा असतो गो?" ठकुबाईंनी भिंतीवरून विचारलं.

"उकडतं ना फार."

त्या कोंडूकडे बघत राहिल्या. मग त्याचा हात धरून त्यांनी बोटांचा वास घेतला.  संध्याकाळी बोंडलं नेहमीपेक्षा जास्त वेळ घासलं गेलं.

उष्टावणाला मी परसाच्या भिंतीपाशी उभी होते. मुलगा माझा, पण आमंत्रण भिंतीपर्यंतचंच. रामनाथनं भाच्याला मांडीवर घेतलं, अंगठी खिरीत बुडवली आणि त्याच्या ओठाशी नेली. कोंडूनं ती चाटली नाही. त्यानं मामाचं बोट मुठीत पकडलं, अंगठीसकट तोंडात घातलं, मग वाटीकडे पाहिलं आणि दोन्ही हात वाटीत. खीर मामाच्या धोतरावर, पाटावर, सगळीकडे. कोंडू पाटावरचा एकेक दाणा चिमटीनं उचलून खायला लागला.

सगळे हसले. धाकट्या दौलतची बायको चंद्रा तर पोटावर हात धरून हसत होती. पोट अजून दिसत नव्हतं, पण नळावर मी तिला चोरून चिंचा खाताना पाहिलं होतं, तेव्हा मला कळलं होतं.

ठकुबाई हसल्या नाहीत. त्या कोंडूच्या चिमटीकडे बघत होत्या. दाणा उचलला, तोंडात गेला, गिळला. दाणा उचलला, तोंडात गेला, गिळला. मग त्यांनी मान वर केली आणि बरोबर माझ्याकडे पाहिलं.

पाहुणे गेल्यावर त्या भिंतीपाशी आल्या. मला वाटलं आता शिव्या येणार, बाटवलं म्हणणार. मी तयार होते. पण त्या वेगळंच बोलल्या.

"दात न्हाय, नि हातानं खातो. असा पोऱ्या मी जन्मात पाह्यला न्हाय. हे बरं न्हाय, जाईबाय."

"खातोय ना. अंगी लागतंय."

"मी पाजीन त्याला. मीच पाजीन. लडकू या बोंडल्यावर वाढला. दौलत वाढला. माझा नवरा यावरच वाढला. बोंडल्यानं काय होत न्हाय."

"मी कुठं म्हटलं?"

"बोंडल्यानं काय होत न्हाय," त्या पुन्हा म्हणाल्या. आणि घरात जाता जाता पाठमोऱ्याच तिसऱ्यांदा. त्यांना कुणीच काही विचारलं नव्हतं.

तेव्हा मला उमगलं. इतके दिवस मला वाटत होतं की म्हातारीला रीत मोडायची नाही. तसं नव्हतं. हा पोरगा आपल्या हातानं खाऊन वाढला, तर मग अनंता कशानं गेला, हे तिला स्वतःलाच विचारावं लागणार होतं. तिला कोंडूला पाजायचं होतं ते त्याच्या भुकेसाठी नाही. त्याच पायांवर, त्याच बोंडल्यानं, तसंच नाक धरून पाजायचं आणि पोर जिवंत उठलेलं बघायचं. तिला बोंडलं निर्दोष सोडवून घ्यायचं होतं.

दुसऱ्या दिवसापासून कोंडू माझ्याकडे येणं बंद झालं. काशीनं घरात तोंड उघडलं. लडकू तिच्यावर ओरडला, तो लूम चालू असतानाही भिंतीतून मला ऐकू आला. "माझी आई काय वैरी हाय त्याची?" त्या रात्री काशीनं बोंडलं पदरात लपवून नेलं आणि पहाटे कपडे धुवायला गेल्यावर वऱ्हाळादेवीच्या तलावात फेकून दिलं. मला येऊन सांगितलं तेव्हा तिचे डोळे चमकत होते.

ठकुबाईंनी कुणालाही दोष दिला नाही. फळीकडे पाहिलं, डोक्यावर पदर घेतला आणि गल्लीत निघाल्या. संध्याकाळी राखेचा आवाज आला. खसखस, खसखस. मी डोकावले तर हातात दुसरं बोंडलं, आधीच्यापेक्षा मोठं, चोचीशी पोचा पडलेलं. कुणाच्या घरात नव्हतं ते? त्या म्हणाल्या, "रंगूबाईनं दिलं. तिची सगली पोरं यावर वाढली, एक गेला न्हाय." आणि माझ्याकडे बघून समजावल्यासारखं हसल्या. ते हसू मला शिव्यांपेक्षा जड गेलं.

काशीनं शेठकडे चार दिवस मागितले. दोन मिळाले. ते दोन दिवस ती कोंडूला पाठीशी बांधून चुलीपाशीही गेली. तिसऱ्या दिवशी कामावर जाताना माझ्या दाराशी थांबली. लूम चालू होते, बोलणं शक्य नव्हतं. तिनं नुसतं भिंतीकडे बोट केलं आणि मग माझ्या कानाकडे.

चंद्रा माहेरी होती, बाकीचे कामावर. मी सकाळपासून भिंतीला कान लावून बसले. खडखडाटाशिवाय काही नाही. दोनदा परसात जाऊन आले. ठकुबाई केळीखाली तांदूळ निवडत होत्या, कोंडू शेजारी मातीत बसला होता. तिसऱ्यांदा गेले तर परस रिकामं. पुढे धावले तर पडवीचं दार लोटलेलं. चुलीचा धूर येत होता. पेज शिजते तेव्हा जो वास येतो तो येत होता.

मी हाका मारल्या. लूमनी त्या गिळल्या. दार ढकललं तर आतून कडी.

आणि लाईट गेली.

एकेक करून नाही, सगळे लूम एका दमात थांबले. त्या शांततेत मला दारापलीकडून ठकुबाईंचा आवाज आला. गोड, लाडीक. "घे रे सोन्या. घे माझ्या राजा. काय होत न्हाय. काय होत न्हाय." आणि त्याखाली कोंडूचं रडणं, पण नाकातलं, कोंडलेलं.

पडवीला लाकडी गजांची खिडकी होती. मी गजांना धरून आत पाहिलं. ठकुबाई पाय लांब करून बसलेल्या. कोंडू पायांवर उताणा. एक हात मांडीखाली, दुसरा मुठीत. डाव्या हाताची चिमूट नाकावर. उजव्या हातात बोंडलं, चोच ओठांशी टेकलेली. कोंडूनं तोंड घट्ट मिटलं होतं. तो आठ महिन्यांचा होता, आणि घास कधी घ्यायचा हे आपलं आपण ठरवायची त्याला सवय झाली होती. पण श्वासाला तोंड उघडावंच लागतं. किती वेळ मिटून धरणार?

दार तोडायला वेळ नव्हता. ओरडून रीत थांबत नाही. "मरेल तो" म्हटलं असतं तर त्यांनी हट्टानं ओतलं असतं. मला एवढंच सुचलं.

"ठकुबाई, माझ्या पोराला कशाला हात लावता?"

त्यांनी मान वळवली. चोच तशीच.

"तुझा?"

"तुम्हीच विकलात. सूपभर कोंड्याला. आभाळाकडे तोंड करून ओरडून सांगितलंत, आमचा नाही, आम्ही त्याचे कोणी नाही. ज्यानं ऐकायचं त्यानं ते ऐकलं, म्हणून तो आजवर फिरकला नाही." माझा आवाज त्या शांततेत मलाच परका वाटत होता. "आता तुमच्या पायांवर घेऊन, तुमच्या हातानं पाजा त्याला. लूम बंद आहेत. कुठं काही वाजत नाही. तो बघतो आहे. त्याला कळू दे हा कुणाचा ते."

हे सगळं मी सोडलेलं होतं. कित्येक वर्षांपूर्वी सोडलेलं. पण त्या घटकेला ते माझ्या तोंडातून असं आलं की माझ्याही पाठीमागे कुणी उभं आहे असं मला वाटलं. मी वळून पाहिलं नाही.

ठकुबाईंची चिमूट सुटली. कोंडूनं हा मोठा श्वास घेतला आणि भोकाड पसरलं. हात मोकळा होताच त्यानं बोंडल्याची चोच पकडली, खेचली आणि सगळी पेज म्हातारीच्या लुगड्यावर. मग रडणं थांबवून, कुशीवर वळून, लुगड्यावरची पेज बोटांनी गोळा करून तो चाटायला लागला. भुकेला होताच बिचारा.

ठकुबाई हललीच नाही. लांब केलेले पाय तसेच. माझ्याकडे न बघता म्हणाली, "त्या पहिल्याला मी विकला नव्हता. म्हणून गेला. व्हय ना?"

मी गजांतून कोंडूकडे हात लांब केला.

"बोंडल्यानं न्हाय ना, जाईबाय? तू सांग. बोंडल्यानं न्हाय ना?"

इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिनं माझ्याकडे काहीतरी मागितलं होतं. 'नाही' म्हणणं सोपं होतं. खोटं बोलायची तर मला सवयच झाली होती. पण डोळ्यांपुढे चंद्रा आली, नळावर उभी राहून चिंचा खाणारी. आता मी 'नाही' म्हटलं असतं, तर बोंडलं पुन्हा फळीवर गेलं असतं, घासलेलं, लखलखीत, वाट बघत. आणि 'हो' म्हणावं तर ही बाई पुन्हा त्या पायांवरून उठली नसती.

"कडी काढा, ठकुबाई. पोर इकडे द्या," मी म्हटलं. "आणि बोंडलंही द्या."

"ते रंगूबाईचं हाय."

"तिचं मी तिला सांगेन. मला विकत द्या."

"कितीला?"

"सूपभर कोंडा."

ती माझ्याकडे बघत राहिली. तिला उत्तर कळलं. मी काही न म्हणताच कळलं. तोंड एकदम ओढल्यासारखं लहान झालं. कोंडू अजून तिच्या मांडीवर बोटं चाटत होता.

तिनं उठून कडी काढली. मी घरातून सूपभर कोंडा घेऊन आले. तिनं आधी पोर दिलं, मग बोंडलं. कोंडा तिच्या पायाशी ओतला तेव्हा तिनं ओठ हलवले. या खेपेला आभाळाकडे तोंड नव्हतं आणि आवाजही नव्हता, पण शब्द मला ठाऊक होते. आजपासून हे तुझं. आमचं न्हाय.

काशी धावत आली ती एवढ्यात. कोंडू माझ्या कडेवर, बोंडलं माझ्या हातात, सासू कोंड्याच्या ढिगाशी बसलेली. तिनं पोराचं नाक पुसलं, बोट पाहिलं, पुन्हा पुसलं. कोरडं होतं.

लाईट आली. भिंत थरथरायला लागली.

बोंडलं मी पेटीच्या तळाशी टाकलं, गोधडीच्या चिंध्यांखाली. तेव्हापासून कोंडू उघड्यावर जेवायला लागला, परसाच्या त्या बुटक्या भिंतीवर थाळी ठेवून, मी इकडून धरलेला. ठकुबाई रोज दुपारी पलीकडे येऊन उभी राहायची. हात लावायची नाही. नुसती त्याच्या गळ्याकडे बघायची. त्यानं घास घेतला की तिचा गळा हलायचा. त्यानं गिळलं की ती गिळायची. एखादा घास अडला, त्याला उमासा आला, की ती दोन्ही हातांनी भिंत धरायची, नखं पांढरी होईपर्यंत, आणि तो घास बाहेर येऊन पुन्हा आत जाईपर्यंत श्वास घ्यायची नाही.

परसात चंद्रा वाळत घातलेले कपडे काढत असायची. तिचं पोट आता दिसायला लागलं होतं.